जमीनदार खासदार ते जन्मठेपेचा कैदी : विल्यम स्मिथ ओब्रायनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा ओब्रायन नेमका कोण?

आयर्लंडमधल्या लिमरिक परगण्याचा जमीनदार आणि ब्रिटिश संसदेतला खासदार. १८४८ च्या जुलैमध्ये त्याने राणी व्हिक्टोरियाच्या सरकारविरुद्ध बंड केले आणि ते आठवडाभरात आटोपले. फाशीची शिक्षा झाली, ती बदलून त्याला जन्मभरासाठी हद्दपार केले गेले. आयर्लंडच्या इतिहासात बंडखोरांना तोटा नाही. पण वाड्यात जन्मलेला, हॅरो आणि केंब्रिजला शिकलेला, वीस वर्षे संसदेत वावरलेला माणूस वयाच्या चव्वेचाळीसाव्या वर्षी भुकेल्या शेतकऱ्यांपुढे पिस्तूल घेऊन उभा राहतो, हे चित्र विरळाच.

घराणे किती मोठे? आणि आयरिश माणसाच्या नावात 'स्मिथ' कुठून आले?

जन्म १७ ऑक्टोबर १८०३, क्लेअर परगण्यातल्या ड्रोमोलंड गढीत. वडील सर एडवर्ड ओब्रायन, बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरेने चालणाऱ्या इंग्रजी किताबाचे धनी. हे घराणे आपली वंशावळ थेट ब्रायन बोरूपर्यंत नेते, म्हणजे अकराव्या शतकाच्या सुरुवातीला सगळ्या आयर्लंडवर राज्य केलेल्या राजापर्यंत. बहुतेक जुनी आयरिश घराणी इंग्रजांनी जमिनी काढून घेतल्यावर धुळीला मिळाली. ओब्रायनांनी वेळीच धर्म बदलला, प्रोटेस्टंट झाले आणि जमिनी राखल्या. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यातून उलगडतात.

'स्मिथ' आजोळचे. विल्यम धाकटा मुलगा, म्हणजे ड्रोमोलंड थोरल्या ल्युशियसकडे जाणार हे ठरलेले. पण आईच्या वडिलांची लिमरिकमधली काहिरमॉयलची जमीन धाकट्याच्या वाट्याला आली आणि तिच्यासोबत आजोबांचे आडनावही नावात शिरले. आपल्याकडे दत्तक गेलेल्याचे आडनाव बदलते, तसाच काहीसा प्रकार.

तो राजकारणात कसा आला?

घरच्या दारातून. १८२८ मध्ये एनिसची जागा जवळपास घरचीच होती. वडिलांच्या वजनावर तो चोविसाव्या वर्षी खासदार झाला, तोही टोरी या पुराणमतवादी पक्षाकडून. १८३५ पासून लिमरिक परगण्याचा खासदार.

टोरी असला तरी त्याचा पिंड सरळ नव्हता. स्वतः प्रोटेस्टंट असून कॅथलिकांना राजकीय हक्क मिळावेत म्हणून तो बोलला. त्याच वेळी कॅथलिकांचा सर्वांत मोठा पुढारी डॅनियल ओकॉनेल क्लेअरमधून उभा राहिला तेव्हा याने त्याला विरोध केला. त्यातून ओकॉनेलच्या टॉम स्टील नावाच्या जवळच्या साथीदाराशी प्रकरण पिस्तुलांच्या द्वंद्वापर्यंत गेले. दोघेही शाबूत परतले. संसदेत पुढची वर्षे त्याने गरिबांसाठी कायदा, शिक्षण, रोजगाराची कामे अशा विषयांवर घालवली. वक्ता म्हणून तो रुक्ष होता. आकडे मांडायचा, टाळ्या मिळवता यायच्या नाहीत.

मग ओकॉनेलच्याच चळवळीत तो गेला कसा?

१८०१ पासून आयर्लंडची स्वतंत्र संसद बंद होऊन सगळा कारभार लंडनहून चाले. ती संसद परत मिळवण्यासाठी ओकॉनेलने लाखोंच्या सभा भरवल्या. ऑक्टोबर १८४३ मध्ये सरकारने क्लॉनटार्फची सभा बंद पाडली आणि ओकॉनेलवर खटला भरला. सगळे जण मागे सरकत होते तेव्हा ओब्रायनने चळवळीत नाव घातले. ओकॉनेल तुरुंगात असताना चळवळ त्यानेच सांभाळली.

मला त्याचा स्वभाव इथे सर्वांत स्पष्ट दिसतो. एखादी बाजू जिंकत असताना तो तिच्याकडे कधी गेला नाही.

संसदेनेच आपल्या या सदस्याला कोंडले होते, हे खरे का?

खरे. एप्रिल १८४६ मध्ये त्याला रेल्वेविषयक एका समितीवर नेमले. 'माझ्या देशात लोक उपाशी मरत असताना मी इंग्लंडच्या रेल्वेचे काम करणार नाही,' अशी त्याची भूमिका होती. सभागृहाने अवमान ठरवून त्याला संसदेच्याच आवारात पंचवीस दिवस कैदेत ठेवले. लंडनच्या वर्तमानपत्रांना हसायला विषय मिळाला. नवल म्हणजे ओकॉनेलनेही त्याची बाजू फारशी घेतली नाही आणि तिथून दोघांमधली भेग रुंदावली.

ओकॉनेलशी फाटले कशावरून?

एका ठरावावरून. जुलै १८४६ मध्ये ओकॉनेलच्या गटाने असा ठराव मांडला की कोणत्याही परिस्थितीत, कोणत्याही देशात, राजकीय हक्कासाठी शस्त्र उचलणे गैरच. चळवळीतल्या तरुणांना, ज्यांना 'यंग आयर्लंड' म्हणत, हे मान्य नव्हते. गंमत अशी की त्यांच्यापैकी कुणाच्याही घरात तेव्हा लढाईची तयारी नव्हती. वाद तत्त्वाचा होता. थॉमस फ्रान्सिस मार या बावीस वर्षांच्या पोराने तलवारीची बाजू घेणारे जे भाषण केले, ते मध्येच थांबवले गेले आणि ओब्रायन उठून सभागृहाबाहेर पडला. तरुण मागोमाग निघाले. जानेवारी १८४७ मध्ये त्यांनी 'आयरिश कॉन्फेडरेशन' काढले. (या मार आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग पाहून मराठीत 'मीघर' असे लिहिलेले आढळते, उच्चार मात्र 'मार'.)

त्या काळात देशात काय चालले होते?

हे समजल्याशिवाय पुढचे काहीच समजणार नाही. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला. आयर्लंडमधला गरीब शेतमजूर जवळजवळ बटाट्यावरच जगे. धान्य पिके, पण ते खंड भरण्यासाठी विकले जाई आणि बंदरातून बाहेर जाई. १८४६ ला पीक पुन्हा गेले. सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि तापाच्या साथीने मेली, तितकीच माणसे जहाजे पकडून अमेरिकेला, कॅनडाला, इंग्लंडला गेली. १८४१ च्या शिरगणतीत लोकसंख्या ब्याऐंशी लाखांच्या आसपास होती, १८५१ ला पासष्ट लाखांच्या. खंड थकलेल्या कुळांना जमीनदार घराबाहेर काढत आणि झोपडीचे छप्पर पाडून टाकत, म्हणजे परत येऊन राहता येऊ नये.

ओब्रायन याच जमीनदारवर्गातला. त्याने संसदेत धान्याची निर्यात रोखा, सरकारी कामे काढा, अशा मागण्या लावून धरल्या. पण एक गोष्ट त्याच्या तोंडून कधी निघाली नाही : जमीन कुळांची. त्याच्याच गटातला जेम्स फिंटन लॅलर हे उघड लिहीत होता. ओब्रायनला वाटे, जमीनदार आणि कूळ दोघे मिळून इंग्रजाविरुद्ध उभे राहतील. जमीनदार काही आले नाहीत.

१८४८ मध्ये अचानक बंडाचे वारे कुठून आले?

पॅरिसहून. फेब्रुवारी १८४८ मध्ये फ्रान्सचा राजा पळाला, प्रजासत्ताक आले, आणि युरोपभर राजे डगमगू लागले. ओब्रायन, मार आणि काही सहकारी मार्चअखेरीस पॅरिसला गेले. हंगामी सरकारतर्फे कवी लामार्टिनने त्यांचे स्वागत केले, पण ब्रिटनशी वाकडे घ्यायचे नसल्याने शब्दांपलीकडे काही दिले नाही. परत येताना त्यांनी हिरवा-पांढरा-नारिंगी झेंडा आणला. हिरवा कॅथलिकांचा, नारिंगी प्रोटेस्टंटांचा, मधला पांढरा सलोख्याचा. आजचा आयर्लंडचा राष्ट्रध्वज तोच.

१० एप्रिलला तो संसदेत शेवटचे बोलला, तेव्हा सभागृहाने आरडाओरडा करून त्याला खाली बसवायचा प्रयत्न केला. महिनाअखेरीस आपल्याच लिमरिकमध्ये, ओकॉनेलच्या चाहत्यांच्या जमावाने फेकलेल्या दगडांनी त्याला जखमी केले. ओकॉनेल वर्षभरापूर्वीच वारला होता, आणि ओब्रायनच्या गटातल्या जॉन मिचेलने त्याच्यावर लिहिलेले लोकांच्या जिव्हारी लागले होते. थोडक्यात, लंडनला तो बंडखोर होता आणि घरच्यांना फितूर.

मे महिन्यात त्याच्यावर चिथावणीचा खटला झाला, पण ज्यूरीत एकमत झाले नाही. मिचेलला मात्र चौदा वर्षांची हद्दपारी झाली.

त्याला खरोखर बंड करायचे होते का?

माझ्या मते, नाही. हवे असते तर तयारी दिसली असती. पीक हाती येईपर्यंत, म्हणजे शरद ऋतूपर्यंत थांबायचे असा मंडळींचा अंदाज होता. सरकार थांबले नाही. २२ जुलैला संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने आयर्लंडमध्ये कोणालाही खटल्याविना अटकेत ठेवण्याचा अधिकार सरकारला देणारे विधेयक एका दिवसात मंजूर केले. ओब्रायन तेव्हा वेक्सफर्ड परगण्यात एका स्नेह्याकडे पाहुणा होता. मार आणि दुसरा साथीदार जॉन ब्लेक डिलन पहाटे तिथे पोचले आणि त्याला उठवून ही बातमी दिली. तीन वाटा होत्या : अटक करून घ्यायची, पळून जायचे किंवा लढायचे. पळणे घराण्याच्या नावाला शोभणारे नव्हते आणि मुकाट अटक होणे म्हणजे दोन वर्षांच्या भाषणांना हरताळ. उरली तिसरी.

तो आठवडा कसा गेला?

आधी मोठ्या गर्दीचा, मग रोडावत जाणाऱ्या गर्दीचा. २४ जुलैला कॅरिक-ऑन-शूअरमध्ये हजारो लोक त्याच्याभोवती जमले, पण स्थानिक पुढाऱ्यांनी 'आत्ता नको, इथे नको' म्हटले. मलिनाहोन गावी रात्रभर घंटा वाजल्या, भाले आणि कोयते घेऊन माणसे आली. ओब्रायनने त्यांना सांगितले, घरी जा आणि चार दिवसांची भाकर बांधून आणा. कुणाच्या मालाला हात लावायचा नाही. ज्यांच्या घरात चार दिवसांचे अन्न असते ते मुळात त्या चौकात आलेच नसते. वर गावच्या धर्मगुरूंनीही लोकांना परत फिरायला सांगितले. सकाळी जमाव विरळ झाला.

तिथेच पोलीस चौकीचा तो प्रसंग. ओब्रायन दोन-तीन साथीदारांसह चौकीत शिरला आणि सहा शिपायांकडे बंदुका मागितल्या. त्यांनी विनवले : एवढ्याशा माणसांना शस्त्रे दिली तर आमची नोकरी जाईल, अब्रू जाईल, मोठा जमाव घेऊन या, मग देतो. ओब्रायनला ते पटले. त्याने त्यांना एक तासाची मुदत दिली. तासाभरात शिपाई बंदुकांसकट पसार.

२८ तारखेला किलेनॉल गावात डिलनने रस्त्यावर अडसर उभारून घोडेस्वारांची तुकडी अडवली. एका तरुणाने तुकडीच्या कप्तानावर बंदूक रोखून धरली होती. कप्तानाने शब्द दिला की आपण ओब्रायनला पकडायला आलेलो नाही. शब्द मिळताच वाट मोकळी केली. बंदूक रोखणारा तो तरुण जेम्स स्टीफन्स. दहा वर्षांनी त्याने फेनियन नावाने ओळखली जाणारी गुप्त संघटना काढली, आणि तिथे कुणाच्या शब्दावर वाट मोकळी होत नसे.

बॅलिंगॅरीला काय झाले?

शनिवार, २९ जुलै. टिपरेरी परगण्यातल्या बॅलिंगॅरीजवळ कोळशाच्या खाणी आहेत. तिथले खाणकामगार, बायकापोरांसकट, ओब्रायनसोबत होते. बंदुका थोड्या, भाले थोडे, बाकी दगड. पोलीस अधिकारी ट्रँट चाळीसच्या वर शिपाई घेऊन आला. समोरचा जमाव पाहून त्याने वाट वाकडी केली आणि टेकडीवरच्या एका दगडी दुमजली घरात शिरून दारे-खिडक्या लावून घेतल्या. घर मार्गारेट मॅककॉर्मॅक या विधवेचे. ती बाहेर गेली होती. आत तिची पाच मुले होती.

बाई धावत आली ती ओब्रायनकडे : माझी लेकरे आत आहेत. मागच्या बाजूला ओब्रायनचा साथीदार टेरेन्स मॅकमॅनस याने गवत पेटवून पोलिसांना धुराने बाहेर काढायचे घाटले होते. ओब्रायनने ते थांबवले. मग तो परसातून खिडकीपर्यंत गेला, आतल्या शिपायांशी हस्तांदोलन केले आणि म्हणाला की आम्हाला तुमचे प्राण नकोत, फक्त शस्त्रे द्या. बोलणे चालू असतानाच मागून दगड आले. आतून गोळ्या सुटल्या. दोन गावकरी ठार झाले, कित्येक जखमी. ओब्रायन जागचा हलेना. साथीदारांनी त्याला ओढून नेले. कॅशेलकडून जादा पोलीस आले आणि संध्याकाळपर्यंत सगळे पांगले.

इंग्रजी वृत्तपत्रांनी याला 'विधवेच्या कोबीच्या वाफ्यातली लढाई' असे नाव दिले, कारण घराभोवती परसात कोबी लावला होता. हे नाव इतके चिकटले की शंभर वर्षे लोक आधी हसायचे आणि मग विचारायचे की झाले काय होते. दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी त्या परसात कोबी उभा होता, हीच खरे तर त्या घराची श्रीमंती.

बंड फसले ते नेमके कुणामुळे?

सोपे उत्तर : ओब्रायनमुळे. रस्त्यावर आडवी टाकायला झाडे तोडायची तर आधी मालकाची परवानगी घ्या, असे त्याने बजावल्याचे सांगतात. लुटीला बंदी, आगीला बंदी, सावकाराच्या कोठाराला हात नाही. मालमत्तेला इतके जपणारा माणूस बंड कसे करणार?

पण दुसरी बाजूही आहे. लोक तीन वर्षे उपाशी होते, शस्त्रे नव्हती, गट फुटलेला होता, धर्मगुरू विरोधात होते आणि सरकारकडे हेरांची कमी नव्हती. झाडे तोडली असती, कोठारे फोडली असती, तर बंड एका आठवड्याऐवजी दोन आठवडे चालले असते आणि प्रेते मात्र शेकड्यांनी पडली असती. मला ती पाच मुले आठवतात. घर पेटवायला नको म्हणणाऱ्या माणसाला सेनापती म्हणून नापास करा. माझी हरकत नाही.

तो पकडला कसा गेला?

आठवडाभर तो टिपरेरीच्या डोंगराळ भागात फिरत राहिला. डोक्यावर ५०० पौंडांचे बक्षीस होते आणि ज्या झोपड्यांत तो झोपला तिथे खायला नव्हते, तरी कुणी त्याला पकडून दिले नाही. ५ ऑगस्टला तो थर्ल्स स्टेशनवर उघडपणे लिमरिकचे तिकीट काढायला गेला. रेल्वेच्या एका इंग्रज गार्डने ओळखले. रेल्वे समितीवर काम न केल्याबद्दल ज्याला कैद झाली त्याला रेल्वेनेच पकडून दिले, हा विनोद तेव्हाही कुणाला तरी सुचला असणारच.

फाशीची शिक्षा झाली होती, मग तो वाचला कसा?

क्लॉनमेलला खास न्यायालय बसले. ऑक्टोबर १८४८ मध्ये ज्यूरीने दोषी ठरवले, दयेची शिफारसही केली. शिक्षा जुन्या इंग्रजी कायद्याप्रमाणे : फाशी, मग शिरच्छेद, मग धडाचे चार तुकडे. मार, मॅकमॅनस आणि पॅट्रिक ओडोनोहू यांनाही तीच.

सरकारला हुतात्मे नको होते, म्हणून जन्मभराची हद्दपारी देऊ केली. ओब्रायन कायदा वाचणारा माणूस. त्याने कळवले की राजद्रोहाच्या शिक्षेत अशी अदलाबदल करण्याची तरतूद कायद्यात नाही. एक तर माफी द्या, नाही तर फाशी द्या. सरकारची पंचाईत झाली. अखेर त्याला जिवंत ठेवण्यासाठी संसदेला १८४९ मध्ये नवा कायदा करावा लागला. त्याची खासदारकी त्याआधीच मे महिन्यात रद्द झाली होती. जुलैमध्ये 'स्विफ्ट' जहाजातून चौघांना व्हॅन डिमेन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानियाला, रवाना केले.

तिथे त्याचे दिवस कसे गेले?

आपल्याकडे 'काळे पाणी' म्हटले की अंदमानची कोठडी आणि कोलू डोळ्यांपुढे येतो. हे तसे नव्हते. सभ्य घरच्या राजकीय कैद्यांना पळून न जाण्याचा शब्द दिल्यास ठरलेल्या भागात मोकळे राहता येई. बाकीच्यांनी शब्द दिला. ओब्रायनने दिला नाही. म्हणून त्याला टास्मानियाजवळच्या मराया बेटावर एका लहान घरात एकांतात ठेवले, कुणाशी बोलायची बंदी. प्रकृती ढासळली, तशी ओरड लंडनपर्यंत गेली.

शब्द दिलेला नव्हता, म्हणजे पळायला तो मोकळा होता. ऑगस्ट १८५० मध्ये मित्रांनी एक गलबत ठरवले. ओब्रायन किनाऱ्यावरून पाण्यात उतरला, होडीपर्यंत पोचणार तोच पहारेकऱ्यांनी घेरले. गलबताचा कप्तान आधीच फुटलेला होता. ओब्रायनला पोर्ट आर्थरच्या कैद्यांच्या वसाहतीत हलवले. नोव्हेंबरमध्ये, हितचिंतकांनी फार गळ घातल्यावर, त्याने अखेर शब्द दिला. त्यानंतर न्यू नॉरफोकला राहिला, काही महिने अॅव्होका गावी एका डॉक्टरच्या मुलांची शिकवणी केली. लिमरिकचा जमीनदार आता मास्तर.

पुढे मॅकमॅनस, मार, मिचेल एकामागून एक अमेरिकेला निसटले. ओब्रायनला संधी नव्हती असे नाही. पण एकदा शब्द दिल्यावर विषय संपला.

जमिनीचे आणि घरच्यांचे काय झाले?

राजद्रोह्याची मालमत्ता सरकारजमा होते, म्हणून काहिरमॉयल विश्वस्तांच्या नावे केली गेली. त्यामुळे ती घराण्यात राहिली, पण त्याच्या हातून कायमची गेली. १८३२ मध्ये त्याने लिमरिकच्या ल्यूसी गॅबेटशी लग्न केले होते. पाच मुलगे, दोन मुली. तो गेला तेव्हा धाकटी मुलगी तीन वर्षांची होती. परत आल्यावर ज्या घराचा तो धनी होता तिथे तो पाहुण्यासारखा राहिला, आणि थोरल्या मुलाशी त्याचे जमले नाही. ल्यूसी १८६१ मध्ये वारली. मुलगी शार्लट ग्रेस हिने पुढे अमेरिकेला जाणाऱ्या गरीब आयरिश मुलींच्या जहाजावरच्या हालांबद्दल आवाज उठवला आणि त्यांच्यासाठी वसतिगृह चालवले.

तो परत कधी आला?

१८५४ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंड सोडून कुठेही राहण्याची सूट मिळाली. वाटेत मेलबर्नच्या आयरिश मंडळींनी त्याला सोन्याचा पेला दिला. तो आता डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. काही काळ ब्रसेल्समध्ये काढून, १८५६ मध्ये पूर्ण माफी मिळाल्यावर तो मायदेशी आला. संसदेत पुन्हा उभे राहायला त्याने नकार दिला. आयरिश भाषा शिकला, हिंडला, लिहिले. फेनियनांच्या गुप्त कारवाया त्याला पसंत नव्हत्या. १८ जून १८६४ रोजी वेल्समधल्या बँगरला तो वारला. घरच्यांना गाजावाजा नको होता, तरी शव डब्लिनला आले तेव्हा गर्दी लोटली. लिमरिकमध्ये रॅथ्रोनन येथे त्याचे दफन झाले.

बाकीच्या मंडळींचे काय झाले?

थोडक्यात : मार अमेरिकेच्या यादवी युद्धात सेनापती झाला आणि १८६७ मध्ये मिसुरी नदीत बुडाला. त्याच गटातला चार्ल्स गॅव्हन डफी ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया वसाहतीचा पंतप्रधान झाला.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी काही संबंध?

ओब्रायनचा थेट नाही. ओढूनताणून जोडू नये. पण आयर्लंडच्या पुढच्या पिढीने घडवलेला 'होमरूल' हा शब्द टिळकांनी उचलला. त्यांची होमरूल लीग बेळगावात २८ एप्रिल १९१६ ला स्थापन झाली. त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव चालू होता, आणि पोस्ट ऑफिसवर १८४८ मध्ये पॅरिसहून आणलेला तिरंगा फडकत होता.

आज पाहायला काय आहे?

बॅलिंगॅरीजवळचे मॅककॉर्मॅक बाईंचे घर. कुटुंब पुढे अमेरिकेला गेले, घर आता सरकारी संग्रहालय आहे. डब्लिनमध्ये ओब्रायनचा संगमरवरी पुतळा १८७० मध्ये उभारला. हातांची घडी, मान ताठ. १९२९ मध्ये तो ओकॉनेल रस्त्यावर हलवला. ज्याच्याशी त्याचे पटले नाही त्या ओकॉनेलचे भव्य स्मारक तिथे रस्त्याच्या तोंडाशीच आहे, आणि ओब्रायन त्याच्या पाठीमागे उभा आहे.